भिंतीतली दोन भोकं

बँकेत पस्तीस वर्षं काढली. शाखेतली तिजोरी काँक्रीटमध्ये पक्की रोवलेली असे. घरी मात्र खणांचं उंच कपाट ठोकळ्यांवर नुसतंच उभं होतं. रंग नवा आहे, भिंतीला भोकं नकोत, हा हट्ट माझाच.

गेल्या महिन्यात चार वर्षांच्या नातवाने एकेक खण ओढला आणि पायऱ्या समजून वर चढला. कपाट पुढे झुकलं. सूनबाईने धावत येऊन ते खांद्याने अडवलं, म्हणून निभावलं.

पोराचं काय चुकलं? भरलेले खण बाहेर आले की भार पुढे येतो. त्यात मुलाचं वजन पडलं की कपाट कलंडतंच. अमेरिकेत अशा कपाटांखाली मुलं दगावली, तेव्हा २०२२ मध्ये कायदा झाला. सप्टेंबर २०२३ पासून तिथे कपड्यांच्या नव्या कपाटांना कलंडण्याची चाचणी सक्तीची आहे.

आपण कायद्याची वाट कशाला पाहायची? आजच सुताराला बोलवा. कपाटाचा माथा दोन एल-पट्ट्यांनी भिंतीला जखडून घ्या. जड सामान खालच्या खणात ठेवा. कपाटावरची खेळणी, टीव्ही खाली उतरवा.

घर सोडताना भोकं चिमूटभर लांबीने बुजवता येतात. आमच्या भिंतीत आता दोन आहेत. रंग थोडा उडालाय. उडू दे.