हाओरी घाला, पण आधी वाचा

जुन्या कपड्यांच्या दुकानात तुम्ही कधी रेशमी जपानी जाकीट पाहिलं आहे का? त्याचं नाव हाओरी. जपानमध्ये ती किमोनोवर घालतात. हाओरी पुढून उघडीच राहते, छातीपाशी फक्त एक छोटी दोरी बांधतात. आता अनेक देशांत लोक ती जीन्सवरही घालतात.

काही जण म्हणतात, जपानी नसलेल्यांनी हाओरी घालूच नये. मला हे पटत नाही. जपानमध्ये जुन्या किमोनोंची दुकानं आहेत आणि तिथे पर्यटकही हाओरी विकत घेतात. शिवाय पेटीत वर्षानुवर्षं पडून राहिलं, तर रेशीम घडीवर विरतं. म्हणून हाओरी जरूर घाला. पण आधी तिच्यावरची नक्षी वाचा.

हो, वाचा! क्रौंच पक्षी दिसला, तर तो दीर्घायुष्याचा आशीर्वाद. पाइन, बांबू आणि प्लम ही तीन झाडं एकत्र दिसली, तर तेही शुभ. पाइन थंडीतही हिरवा राहतो, बांबू वाकतो पण मोडत नाही आणि प्लमला थंडी संपायच्या आतच फुलं येतात. पाठीवर मानेखाली छोटं गोल चिन्ह असेल, तर ते बहुतेक एखाद्या घराण्याचं असतं.

पुरुषांची हाओरी बाहेरून साधी असते. खरी गंमत आत, अस्तरावर! एदो काळात (१६०३ ते १८६८) सामान्य लोकांनी भपकेदार कपडे घालू नयेत, असे कायदे होते. मग लोकांनी आपला थाट आत लपवला.

पण अस्तरावर नेहमी फुलं आणि पक्षीच नसतात. १९३० नंतरच्या काही अस्तरांवर लढाऊ विमानं आणि रणगाडे आहेत. त्या काळात जपानी सैन्य चीनमध्ये लढत होतं आणि तिथे लाखो माणसं मरत होती. तुमच्या वर्गातल्या चिनी मैत्रिणीच्या पणजीने ते युद्ध पाहिलं असेल, तर ते अस्तर बघून मैत्रिणीला काय वाटेल?

तुम्ही म्हणाल, "कपडा तो कपडा, एवढा विचार कशाला?" पण ज्याने ते चित्र काढून घेतलं, त्याने विचार केलाच होता. असं जाकीट फेकू नका, कारण ते इतिहास सांगतं. पण ते मिरवूही नका.

म्हणून विकत घेण्याआधी जाकीट उलटं करून बघा आणि दुकानदाराला नक्षीचा अर्थ विचारा. नुसतं सुंदर असणं पुरेसं नाही.

तुम्हाला काय वाटतं? असं जाकीट तुम्हाला भेट मिळालं, तर तुम्ही काय कराल? पाच वाक्यं लिहा.