भाविक आणि कॅमेरा

मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि पेडणे तालुका जगाच्या वाटेवर आला. या वाटेने पाहुणे येतात, आणि उद्या आमचे विद्यार्थीही याच वाटेने देशोदेशी जातील. प्रवासाबरोबर कॅमेरा आलाच. आता तर तो प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. म्हणून एका साध्या प्रश्नाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. प्रार्थनेत मग्न असलेल्या माणसाचे छायाचित्र काढण्याचा अधिकार प्रवाशास कोणी दिला?

आमच्या शेजारच्या बार्देश तालुक्यात, कोलवाळजवळच्या मुशीर येथे, फादर हेरास यांना बुद्धाची एक प्राचीन मूर्ती सापडली. ती आज मुंबईत आहे. तिचे छायाचित्र पाहून गोमंतकाचा जुना इतिहास कळतो आणि कोणाचेही मन दुखावत नाही. परंतु मूर्ती निराळी आणि मूर्तीपुढे हात जोडणारा निराळा. तो पाषाण नव्हे. त्याला मन आहे.

लाओस देशातील लुआंग प्रबांग नगरात भिक्खू रोज पहाटे अनवाणी भिक्षेस निघतात आणि रस्त्याच्या कडेस बसलेले लोक त्यांच्या पात्रांत भात घालतात. हे दान मौनाने होते. तेथे प्रवासी थेट भिक्खूंच्या तोंडासमोर कॅमेरे धरू लागले, तेव्हा अंतर राखा व प्रकाशझोत टाकू नका, अशा सूचना लावाव्या लागल्या. पाहण्यास आलेल्या लोकांनी पाहण्याजोगी गोष्टच विस्कटावी, याहून खेदाची गोष्ट कोणती?

आपल्याकडे नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लक्षावधी लोक येतात. वंदनेसाठी रांगेत तिष्ठणाऱ्या वृद्धेच्या डोळ्यांतील पाणी टिपणे सोपे असते. पण तीच वृद्धा परतताना नातवासाठी पुस्तके विकत घेते, हे त्या चित्रात येत नाही. या दोन्ही ठिकाणी पुस्तकांची केवढी मोठी विक्री होते! घाईचा कॅमेरा माणसाचा चेहरा घेतो आणि त्याची कहाणी तेथेच टाकून जातो.

यावर कोणी म्हणेल, छायाचित्रे नसती तर इतिहास कसा उरला असता? हा आक्षेप खरा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्या प्रसंगाची छायाचित्रे हा आज समाजाचा ठेवा आहे. परंतु तो सोहळा सर्वांसमक्ष, जगाला सांगण्यासाठीच झाला होता. समुदायाचा सोहळा टिपणे आणि एकट्या जीवाची प्रार्थना टिपणे यांत भेद आहे. गर्दीत उभा असला तरी डोळे मिटलेला माणूस आपल्या देवापाशी एकटाच असतो.

हा भेद आम्हां गोमंतकीयांस सहज उमगावा. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत व्रतस्थ धोंड निखाऱ्यांवरून चालतात. त्या क्षणी त्यांना अडवून कोणी छायाचित्रासाठी उभे केले, तर आपणांस काय वाटेल? जे आपल्या धोंडांविषयी वाटते, तेच परक्या मुलखातील उपासकाविषयी वाटले पाहिजे.

विद्यार्थीमित्रहो, कॅमेरा टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. स्तूप पाहा, कमानी पाहा, दीपमाळा पाहा आणि त्यांची चित्रे खुशाल काढा. परंतु समोर माणूस असेल तर आधी विचारा. भाषा येत नसेल तर खुणेने विचारा. तो प्रार्थनेत असेल तर थांबा. त्याची प्रार्थना संपू द्या. तो नको म्हणाला, तर हसून नमस्कार करा आणि पुढे चला. एक चित्र कमी मिळेल. पण आपल्या गावाची सभ्यता त्या परक्या माणसाच्या मनात राहील.