झोपलेलं फूल



तुमच्या अंगणात किंवा गॅलरीत एक तरी कोपरा असा असेल, जिथे ऊन नीट पोचत नाही. मग तिथे फुटकी बादली नाहीतर जुने डबे जाऊन बसतात! कोकणात आमच्या घरामागे फणसाखाली असाच कोपरा होता. पण आजीनं तिथे भुईचाफा लावला होता.

हा नावाचाच चाफा बरं का! हळद आणि आलं हे त्याचे खरे भाऊबंद. चैत्रात जमिनीवर पानाचा पत्ता नसतो, आणि एका सकाळी थेट मातीतूनच फूल वर येतं. पांढरं, त्यावर जांभळी छटा, आणि वास तर विचारूच नका! एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं. पण मागून दुसरं तयार असतं. पानं नंतर येतात, वरून हिरवी नक्षीदार आणि खालून जांभळट.

मी चौथीत होतो. दिवाळीनंतर ती पानं पिवळी पडली, वाळली आणि नाहीशी झाली. मला वाटलं, झाड मेलं. मग काय, खुरपं घेतलं, जागा उकरली आणि झेंडू लावला. खुरप्याखाली काहीतरी कचकन तुटलं, तिकडे लक्षच दिलं नाही. सावलीत झेंडू फुलला नाही आणि चैत्रात भुईचाफाही आला नाही. आजी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अरे, मेलं नव्हतं ते. झोपलं होतं." रागावली असती तर बरं, असं वाटलं मला!

पावसाळाभर पानं अन्न तयार करतात आणि ते जमिनीखाली साठवलं जातं. याच शिदोरीवर पुढच्या चैत्रात फूल येतं. इंग्लंडच्या जंगलातली निळी ब्लूबेलही असंच करते. झाडांची पालवी दाट होऊन सावली पडण्याआधी, एप्रिल-मेमध्ये ती फुलून घेते आणि मग जमिनीतल्या कांद्यात झोपी जाते. बी पेरलं तर पहिलं फूल यायला तिला निदान ५ वर्षं लागतात!

तुम्हीही भुईचाफा लावून बघा. कोंब असलेला कंद नर्सरीतून आणा किंवा ओळखीच्यांकडून मागून घ्या. रानातून मात्र उपटू नका. फाल्गुन-चैत्रात पसरट कुंडीत माती, थोडी वाळू आणि कुजलेला पालापाचोळा घालून कंद दोन बोटं खोल लावा. कुंडी सावलीत ठेवा, थोडे कवडसे पडले की पुरे. पावसाळ्यात पाणी तुंबू देऊ नका. पानं पिवळी पडली तरी ओढून काढू नका, ती आपोआप गळू द्या. थंडीत पाणी बंद, नाहीतर कंद कुजेल. आणि कुंडीवर चिठ्ठी लावा : "झोपलंय. उकरू नये!"

आजीनं उरलेले तुकडे पुन्हा पुरले आणि भोवती करवंट्या रोवल्या. दोन वर्षांनी चैत्रात तिथे एक फूल आलं. एकच! त्या दिवशी मला शाळेत जायला उशीर झाला.

तुमच्याकडे फूल आलं की पत्रानं कळवा हं!