पाचगणीचा पोरगा

मागच्या अंकात गुडघेदुखीवर लिहिलं होतं. आज कानांवर लिहिते, पण घाबरू नका, औषधपाणी नाही. गाण्यांविषयी लिहिते.

आमच्या यजमानांना रॉक संगीताचं भारी वेड. 1971 साली मुंबईहून इस्रायलला आलो, तेव्हा आमच्या ट्रंकेत भांडीकुंडी कमी आणि बीटल्सच्या रेकॉर्डी जास्त! पुढे अश्दोदला पगारातले पैसे वाचवून त्यांनी क्वीन, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन जमवले. मी रात्रपाळी करून घरी यायची, तर हे सकाळीच रेकॉर्ड लावून बसलेले. “अहो, बंद करा तो धांगडधिंगा!” म्हणायची मी. ते म्हणायचे, “अगं बस जरा, एक गंमत सांगतो.” कधी बसले, कधी नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मी ज्या दिवशी बसले नाही, त्या दिवशीची गंमतही त्यांच्याबरोबर गेली.

यंदा घर आवरायला काढलं. रेकॉर्डी कुणाला तरी देऊन टाकाव्यात म्हणून खोक्यात भरल्या. शुक्रवारी दुपारी सतरा वर्षांचा नातू आला. एरवी तो मोबाईलमधून डोकं वर काढत नाही. त्याला मराठी येत नाही, माझं हिब्रू दवाखान्यापुरतं. त्यानं क्वीनची रेकॉर्ड उचलली. “आजी, ‘बोहेमियन रॅप्सडी’! हे तर मला पाठ आहे.” मी म्हटलं, “हा गाणारा माझ्या मुलखात शाळेला होता.” त्याला वाटलं, म्हातारी चेष्टा करते.

मुलांनो, चेष्टा नाही. फ्रेडी मर्क्युरीचं खरं नाव फारुख बलसारा. पारशी कुटुंब, जन्म 1946 साली झांझिबारला. आठ-नऊ वर्षांचा असताना आईबापांनी त्याला बोटीनं पाठवलं ते पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथेच तो पियानो शिकला, मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि फ्रेडी हे नावही तिथलंच. पुढे 1964 मध्ये झांझिबारला क्रांती झाली आणि सगळं कुटुंब इंग्लंडला गेलं. देश सोडून नव्यानं मांडामांड करणं आपल्याला काय नवीन आहे?

मग आम्ही दोघांनी ते गाणं पूर्ण ऐकलं, जवळजवळ सहा मिनिटं. 1975 साली एवढं लांब गाणं रेडिओवर चालणार नाही, असं म्हणणारे होते. ते इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं! मधला ऑपेरासारखा भाग ऐका. मोठा समूह गातोय असं वाटतं, पण गाणारे तिघेच. त्यांनी तेच तेच आवाज एकावर एक इतक्या वेळा भरले की टेप झिजून आरपार दिसायला लागली. अगदी शेवटी थाळीसारख्या मोठ्या घंटेचा एक ठोका आहे, तो तुम्हाला सापडतो का बघा.

आता यजमानांची आवडती गंमत. गिटार वाजवणारा ब्रायन मे. त्याची गिटार त्यानं आणि त्याच्या वडिलांनी 1963 पासून दोनेक वर्षं खपून घरीच बनवली. लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या, नक्षीला आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. हाच ब्रायन 2007 मध्ये खगोलशास्त्राचा डॉक्टर झाला. तेव्हा अभ्यास सुटला म्हणून रडू नका, पुन्हा धरता येतो!

नातवानं विचारलं, “पाचगणी कशी आहे?” शाळेच्या सहलीला गेले होते, तेवढ्यावर मी टेबललँडचं पठार, धुकं, लाल माती, सगळं मोडक्यातोडक्या हिब्रूत सांगितलं. कुठे शब्द अडला तिथे मराठी घातला. पठाराला तो आता ‘पठार’च म्हणतो.

आजी-आजोबांनो, गाणी मुलांच्या मोबाईलमध्ये आहेतच, ती आपण द्यायला नकोत. आपण द्यायची ती गाण्यामागची हकिगत. एका वेळी एकच गाणं, पूर्ण, शेजारी बसून. आणि कुणी “बस जरा” म्हटलं, तर कामं टाकून बसा.

खोकं अजून माझ्याकडेच आहे. आता दर शुक्रवारी त्यातली एकच रेकॉर्ड बाहेर निघते.