ती अंघोळ गाळू नका

रोआल्ड डाल हे नाव आमच्या पिढीच्या वाट्याला कधी आलं नाही. मला ते भेटलं नातीमुळे. तिचं ‘मटिल्डा’ मी डिक्शनरी मांडीवर घेऊन पंधरा दिवसांत संपवलं. (तिनं दीड दिवसात!) पुस्तक मात्र झकास आहे. पुस्तकांत बुडालेली एक चिमुरडी, टीव्हीला चिकटलेले तिचे आईबाप आणि एक महाभयंकर मुख्याध्यापिका. आम्हा मास्तर मंडळींनी तर ते वाचावंच. मुलांना आपण कसे दिसत असू याचा अंदाज येतो :)

तर २०२३ च्या फेब्रुवारीत बातमी आली की पफिन या प्रकाशनानं डालच्या मुलांसाठीच्या पुस्तकांत शेकडो बदल केले आहेत. लेखक १९९० सालीच वारला, त्यामुळे त्याला विचारायचा प्रश्न नव्हता. हक्क ज्यांच्याकडे, त्यांची संमती होती. चार्लीच्या गोष्टीतला खादाड पोरगा पूर्वी ‘लठ्ठ’ होता, तो आता ‘अवाढव्य’ झाला. आता मला सांगा, लठ्ठ म्हटलं तर पोराचं मन दुखावतं आणि अवाढव्य म्हटलं तर काय त्याला गुदगुल्या होतात? चेटकिणींच्या गोष्टीत दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी किंवा साहेबाची पत्रं टाइप करणारी बाई होती, तिची बढती होऊन ती एकदम शास्त्रज्ञ झाली किंवा स्वतःचा धंदा चालवू लागली. टायपिस्ट असण्यात कमीपणा आहे हे कुणी ठरवलं? ज्यांना बायकांचा मान राखायचा होता त्यांनीच ठरवलं. आमच्या पिढीतल्या किती घरांत टायपिंगच्या पगारावर चूल पेटली ते त्यांना कुठून कळणार.

आणि मटिल्डा ज्यांची पुस्तकं वाचते त्यांतून कॉनराड गेला आणि किपलिंग गेला. त्यांच्या जागी जेन ऑस्टिन आणि स्टाइनबेक आले. म्हणजे ती बिचारी पूर्वी किपलिंगचं बोट धरून हिंदुस्थानात यायची, ती आता येतच नाही! किपलिंग साम्राज्याचा भाट होता हे मला ठाऊक आहे, मी काही त्याला ओवाळायला बसलेलो नाही. पण तो १८६५ साली मुंबईत जन्मला, त्याचा बाप जे. जे. कला शाळेत शिकवायचा. त्याच्याशी भांडायचं असेल तर आपण भांडू की. आपल्या वतीनं लंडनच्या कचेरीत बसून त्याला खोडून टाकायचा अधिकार कुणी दिला?

ओरड झाली तेव्हा पफिननं आठवड्याभरातच जाहीर केलं की मूळ पुस्तकंही छापत राहू. म्हणजे धुतलेली आणि न धुतलेली अशी दोन्ही बाजारात. पण नवशिक्या पालकाच्या हाती कुठली पडेल?

तुम्ही म्हणाल, लंडनच्या भानगडीत तुम्हाला काय पडलंय. तर सांगतो. आमची भाची अमेरिकेत असते आणि रविवारी तिथल्या मुलांना मराठी शिकवते, पदरमोड करून. तिचं मला भारी कौतुक आहे. ती यंदा मुलांबरोबर ‘श्यामची आई’ वाचणार आहे. फोनवर म्हणाली, “मामा, ती मोळीवाल्या म्हातारीची गोष्ट घेते, पण त्यातला अंघोळीचा भाग गाळते. इथल्या मुलांना तो समजायचा नाही. आणि आई वाईट दिसते त्यात.”

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका म्हाताऱ्या महार बाईला लाकडाची मोळी उचलवत नाहीये. शिवाशिवीमुळे कुणी पुढे होत नाही. श्यामची आई ते बघते आणि श्यामला सांगते, जा, तिला हात लाव. आणि घरी येऊन अंघोळ कर.

माझं म्हणणं आहे की त्या सबंध गोष्टीचा जीव त्या अंघोळीत आहे.

अंघोळ काढून टाका, काय उरतं? एक दयाळू आई आणि एक आज्ञाधारक मुलगा. अशा गोष्टी पोत्यानं मिळतात. अंघोळ ठेवलीत तर समोर एक खरीखुरी बाई उभी राहते. साधारण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोकणातल्या ब्राह्मण घरातली, जिच्या मनात कणव तर आहे पण रूढी ओलांडायचं बळ निम्मंच आहे. तिनं मुलाला अर्ध्या वाटेपर्यंत आणून सोडलं. पुढची अर्धी वाट त्या मुलाची त्यानं चालायची होती. चालला की नाही? १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले, आणि मंदिर उघडलं. मोळी उचलून अंघोळीला गेलेला श्याम तो हाच. अंतर किती हे मोजायचं तर सुरुवातीचा दगड जागेवर हवा ना! भाची नेमका तोच उपटायला निघाली आहे, आणि तेही आईची अब्रू राखायला. गुरुजींनी स्वतः १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून ते लिहिलं. आईवर त्यांच्याइतकं प्रेम करणारा लेखक मराठीत दुसरा दाखवा. त्यांना ती अंघोळ लपवावीशी वाटली नाही.

मी हा भाग वर्गात अनेक वर्षं वाचला. एका वर्षी सातवीतल्या मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, “सर, मग त्या म्हातारीनंपण घरी जाऊन अंघोळ केली असेल का?”

वर्ग चिडीचूप. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. मुलगा ज्या वस्तीतून यायचा ती सगळ्यांना माहीत होती. मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला. उरलेला तास आम्ही त्यावर बोललो. ती का करणार नाही, तिला तसं करायचा हक्क का नव्हता, विटाळ एकाच दिशेनं कसा जातो. त्या दिवशी पोरं जे बोलली ते कुठल्याही मार्गदर्शिकेत नव्हतं. गाळलेल्या आवृत्तीतून हा प्रश्न निघालाच नसता.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मी नाकारत नाही. मुलांसाठी गोष्टी सोप्या करून सांगायची रीत जुनीच आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तेव्हा आपल्या पद्धतीनं आणला आणि आम्ही अधाशासारखा वाचला. पण मुखपृष्ठावर भागवतांचं नाव होतं! जबाबदारी कुणाची ते कळत होतं. डालनं स्वतःही बदल केले होते. त्याच्या १९६४ च्या चार्लीत कारखान्यातले उंपा-लुंपा आफ्रिकेतून आणलेले काळे बुटके लोक होते. टीका झाली, १९७३ च्या आवृत्तीत त्यानं ते बदलले. उत्तम केलं. लेखकाची अक्कल वाढली तर त्यानं लिहिलेलं दुरुस्त करावं, तो जिवंत होता, त्याचं पुस्तक होतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालायचे आणि वर सही त्याचीच ठेवायची, याला आमच्या वेळी शाळेत कॉपीच्या उलट काहीतरी म्हटलं असतं. नाव नाही सुचत, पण छडी मिळाली असती.

ही खोड नवी नाही म्हणा. इंग्लंडात १८०७ साली बाऊडलर नावाच्या कुटुंबानं शेक्सपिअर सोवळा करून काढला. काम मुख्यतः बहिणीचं, पण नाव पुढे भावाचंच झालं. कारण कुलीन अविवाहित बाईला त्या गाळलेल्या शब्दांचा अर्थ कळत होता असं जाहीर कसं करायचं! इनिड ब्लायटनच्या फेमस फाइव्हची भाषा २०१० साली ‘आजची’ केली, ती मुलांना रुचेना म्हणून २०१६ मध्ये प्रकाशकांनी परत जुनी आणली.

सगळ्यात मोठा घोटाळा मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनचा. त्यात काळ्या माणसांसाठीची ती घाणेरडी शिवी दोनशेहून जास्त वेळा येते. २०११ साली अमेरिकेत एका प्राध्यापकानं आवृत्ती काढली आणि प्रत्येक ठिकाणी ‘गुलाम’ शब्द घातला. हेतू चांगला होता, शाळांतून पुस्तक हद्दपार होऊ नये हा. पण पुस्तकात काय घडतं बघा. पळून आलेला जिम शेवटी कोंडलेला असतो, आणि मग उघड होतं की त्याची मालकीण दोन महिन्यांपूर्वीच वारली आणि मृत्युपत्रात तिनं त्याला मुक्त केलंय. म्हणजे तो कायद्यानं गुलाम नाहीच! तरी सगळे त्याला त्याच शिवीनं हाक मारत राहतात. ‘गुलाम’ ही कायद्यातली अवस्था झाली, ती एका कागदानं संपते. ती शिवी कागदानं संपत नाही. ट्वेनला जे दाखवायचं होतं ते नेमकं हेच, आणि नेमकं तेच पुसलं गेलं.

आपल्याकडे हाच फडका दया पवारांच्या ‘बलुतं’वर फिरवून बघा. १९७८ चं पुस्तक. त्यातली जातीची नावं, शिव्या, वाड्यावरची हाक हे सगळं काढून तिथे ‘वंचित घटकातील व्यक्ती’ असं सरकारी मराठी घाला. जमेल? ते शब्द पवारांनी चवीसाठी वापरले नव्हते, अंगावरचे वळ दाखवले होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. धुणारे हात फक्त ‘पुरोगामी’ असतात असं समजून जे हसत असतील त्यांनी हसू आवरावं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात २०२२ च्या जानेवारीत एका जिल्ह्याच्या शाळा मंडळानं ‘माउस’ हे पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं. आर्ट स्पीगलमननं आपल्या आईवडिलांची ऑशविट्झची हकिकत चित्रांतून सांगितली आहे, ज्यू म्हणजे उंदीर आणि नाझी म्हणजे मांजरं. आक्षेप कशाला, तर काही शिव्या आणि एक लहानसं विवस्त्र चित्र. लाखो माणसं धुरांड्यातून गेली ते चालतं, पण शिवी नको! आणि फार लांब कशाला, आपल्या मुंबई विद्यापीठानं २०१० साली रोहिंटन मिस्त्रींची ‘सच अ लाँग जर्नी’ अभ्यासक्रमातून काढली, एका पक्षाच्या पोरांनी ओरड केल्यावर. कादंबरी १९९१ ची, बुकरच्या अंतिम यादीत गेलेली. ती काढायची घाई इतकी होती की वाचायला वेळ कुणी काढला असेल असं मला वाटत नाही.

राहता राहिली भाचीची दुसरी हरकत, आणि ती वजनदार आहे. वर्गात असा एखादा मुलगा असतो ज्याच्या पणजीच्या डोक्यावर तीच मोळी होती. तो शब्द मोठ्यानं वाचला की त्याचे कान लाल होतात. हे मी पाहिलेलं आहे, पुस्तकातलं सांगत नाही. मग?

मग मास्तर कशाला असतो? वाचायच्या आधी सांगायचं की आता एक शब्द येणार आहे आणि तो का येणार आहे. वाचताना पुस्तकात नाही, मुलांच्या चेहऱ्यांकडे बघायचं. कुणी हसलं तर तास तिथंच थांबवायचा. त्या मुलाला उभं करून “तू सांग रे” असं कधीही म्हणायचं नाही, त्याला बोलावंसं वाटलं तर तो बोलेल. याला तयारी लागते आणि छाती लागते. परिच्छेद गाळायला नुसती पेन्सिल लागते. गाळून मुलाचा त्रास वाचतो असं म्हणतात, मला विचाराल तर वाचतो तो मोठ्यांचा. त्या मुलाच्या घरी ती गोष्ट आजीच्या तोंडून पोचलेलीच असते. पुस्तकातून ती पुसली की त्याच्या बाजूचा छापील पुरावा तेवढा नाहीसा होतो, तोही एका ब्राह्मणाघरच्या लेखकानं स्वतःच्या आईबद्दल दिलेला.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मामा, तिथं उभं राहून मला ते इंग्रजीत समजवावं लागेल.” समजव की! तिथल्या पोरांना त्यांच्या गावातला जुना इतिहास शाळेत शिकवतातच, बसमध्ये कुणी कुठं बसायचं तो. अंघोळ त्यांना चटकन कळेल, कदाचित आपल्या इथल्या पोरांपेक्षा लवकर.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकामागे साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०११ पासून ‘श्यामची आई’ कुणीही छापावी आणि कशीही छापावी. तेव्हा घरात जुनी प्रत असेल तर रद्दीत घालू नका. नवी घेणार असाल तर दुकानातच उभ्या उभ्या ती गोष्ट उघडा आणि मोळी आहे का, अंघोळ आहे का बघा. संक्षिप्त असेल तर तसं मुखपृष्ठावर छापलंय का तेही बघा. नसेल तर पुस्तक परत ठेवा, आणि का ठेवलंत ते दुकानदाराला जरा मोठ्यानं सांगा.