फोटोला फ्रेम की मास्क? आधी फोटो पाहा, मग ठरवा



स्नेहसंमेलनाची पत्रिका असो की गुणवंतांच्या अभिनंदनाचा बॅनर, आता हे सगळं आपण मोबाईलवरच करतो. ॲपमध्ये गोल, तारा, बदाम अशा तयार फ्रेम असतात. फोटो टाकला की काम झालं! पण त्या आकाराबाहेर काय राहिलं, हे आपण पाहतो का?

दोन्हींतला फरक आधी समजून घेऊ. फ्रेम म्हणजे तयार चौकट. आकार आधीच ठरलेला, फक्त आतला फोटो बदलायचा. कॅनव्हामध्ये फोटो ओढून फ्रेमवर सोडला की आत बसतो. मास्क म्हणजे फोटोवरचा पडदा. कुठे दाखवायचं, कुठे झाकायचं हे आपण ठरवतो. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मास्कचा पांढरा भाग फोटो दाखवतो, काळा झाकतो आणि राखाडी अर्धवट दाखवतो. म्हणून मास्कने फोटोची कड हळूहळू विरळ करत नेता येते.

मग कुठे काय वापरावं? वर्गातल्या चाळीस मुलांची ओळखपत्रं करायची असतील तर फ्रेमच घ्या. सगळे चेहरे एका मापात येतात, कुणी लहान-मोठं दिसत नाही. पुढच्या वर्षी फक्त फोटो बदलायचे.

आता आपल्या वणीचं उदाहरण घ्या. सप्तशृंगी देवीच्या मूर्तीला अठरा भुजा आहेत. तिचा फोटो छोट्या गोल फ्रेममध्ये बसवला की मुख छान मधोमध येतं, पण दोन्ही बाजूंचे हात आणि आयुधं कापली जातात. इथे मास्क घेऊन मूर्ती पूर्ण ठेवावी आणि फक्त मागचा भाग विरळ करावा.

वर्गाच्या ग्रुप फोटोचंही तसंच. बदामाच्या फ्रेममध्ये टाकला तर कडेला उभी असलेली मुलं हमखास जातात. आणि बॅनरपाशी आलेली आई सगळ्यात आधी आपलं लेकरूच शोधते ना! म्हणून माझं स्पष्ट मत आहे: आकारासाठी माणूस कापू नये, माणसासाठी आकार बदलावा.

आणखी एक काळजी घ्या. झाकलेला भाग पुसला गेलेला नसतो. पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेला फोटो फाईलमध्ये बहुतेक वेळा पूर्णच राहतो आणि फाईल मिळालेला कुणीही तो उघडून पाहू शकतो. एखाद्या मुलाचा चेहरा किंवा पत्ता लपवला असेल तर मूळ फाईल ग्रुपवर टाकू नका. पान चित्र म्हणून, म्हणजे जेपीजी करून पाठवा.

मुलांनाही हा उपक्रम जरूर द्या. एकच फोटो फ्रेममध्ये आणि मास्कने असा दोन प्रकारे करायला सांगा आणि विचारा, "यात कोण दिसेनासं झालं?" उत्तर शोधता शोधता मुलं फोटो नीट पाहायला शिकतील.