शिट!

पालघरच्या फलाटावर, बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत एक शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. गाडी चुकली, शिट. मोबाईल पडला, शिट. आईबापांसमोरही चालतो. तिथंच 'गू' म्हणून बघा, कानफटात बसेल. साहेबाच्या भाषेतला गू वास मारत नाही.

मित्रांनो, या शब्दाचं कूळ मी काढलं. बोटीवरच्या खताच्या पेट्यांवर लिहिलेल्या चार आद्याक्षरांतून तो झाला, ही गोष्ट थाप आहे. शब्द हजार वर्षांहून जुना. जुन्या इंग्रजीत 'शीटन' म्हणजे हगणं, आणि मुळाशी अर्थ कापणं, वेगळं काढणं. देहानं वेगळं काढलं ते. संस्कृतातला 'छिद्' याच मुळाचा. छेद, विच्छेद आणि शिट एकाच घरातली भावंडं! देवभाषेचा टेंभा मिरवणाऱ्यांनी ही सोयरीक नोंदवून ठेवावी.

सभ्य माणूस मात्र 'शौच' म्हणतो. शौच म्हणजे शुद्धता. इंग्रजही तसलाच. त्याचा 'डिफिकेट' म्हणजे मुळात गाळ काढून शुद्ध करणं. 'टॉयलेट' म्हणजे फ्रेंचांचा कापडाचा तुकडा. शब्द धुतले, पण गू कुणी उचलला? देहानं गू वेगळा काढला, गावानं तो उचलणारा माणूसच वेगळा काढला. त्याच्या पोरालाही.

१९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा. हातानं मैला उचलायला लावणं गुन्हा, संरक्षक साधनांशिवाय गटारात-टाकीत माणूस उतरवणं गुन्हा. तरी एप्रिल २०२४ मध्ये याच पालघर जिल्ह्यात, विरारला, सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीत चार कामगार मेले. नाव बघा, 'शुद्धीकरण'! १९६९ साली तारापूरला अणू फोडून वीज काढली. टाकीत उतरायला अजून माणूसच लागतो.

तेव्हा 'शिट' म्हणून खांदे उडवू नका. 'छिद्'चा आणखी एक वारस आहे, उच्छेद. १९३६ साली बाबासाहेबांनी लाहोरच्या परिषदेसाठी भाषण लिहिलं, विषय जातीचा उच्छेद. बोलावणाऱ्या मंडळाचं नाव 'जातपात तोडक'. तोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी परिषदच मोडली. बाबासाहेबांनी भाषण स्वखर्चानं छापलं.

एकाच मुळाचे दोन शब्द. एक तोंडातून सहज निसटतो. दुसरा हातानं करावा लागतो.